ही आत्मकथने गावातल्या मुलींच्या हाती पडू द्या

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुलमी वातावरणात वाढलेल्या मुलींच्या आत्मकथनांवर आलेला लेख लक्षपूर्वक वाचला. ॲन फ्रँकची रोजनिशी, मलाला युसुफझाईचे आत्मकथन आणि तालिबानच्या काळात काबूलमधल्या घरांत कोंडल्या गेलेल्या मुलींची पुस्तके यांची ओळख मराठी वाचकांना करून दिल्याबद्दल आपले आणि लेखकाचे मनापासून आभार. मात्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहून आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलींना शिकवल्यामुळे, त्या लेखात जे राहून गेले ते लिहिल्यावाचून मला राहवत नाही. त्या लेखातला जुलूम परमुलखातला आहे आणि त्याच्या हातात बंदूक आहे, त्यामुळे वाचक हळहळतो आणि पुरवणीची घडी घालून ठेवतो. आपल्या मराठीत बायकांनी स्वतःच्या मुलगीपणाविषयी जे लिहून ठेवले आहे, ते वाचल्यावर अशी घडी घालता येत नाही, कारण त्यातला जुलूम घरातल्या, जिवाभावाच्या माणसांनी केलेला असतो.

दूरच्या मुलींचे दुःख मी कमी लेखत नाही. ॲनला १२ जून १९४२ रोजी तेराव्या वाढदिवसाला वही मिळाली, पुढच्याच महिन्यात तिला घरच्यांसह लपून राहावे लागले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये पकडली गेल्यावर ती नाझी छावणीतून परत आली नाही. मलाला अकरा वर्षांची असताना, २००९ च्या जानेवारीत, गुल मकई या टोपणनावाने बीबीसी उर्दूसाठी स्वात खोऱ्यातल्या शाळाबंदीची रोजनिशी लिहीत होती आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये शाळेतून परतताना तिच्यावर गोळी झाडण्यात आली. अफगाणिस्तानात तर २०२१ पासून मुलींना सहावीच्या पुढची शाळा बंद आहे. या सगळ्या ठिकाणी बंदीला तारीख आहे, बंदी घालणाऱ्याचे नाव सांगता येते आणि सारे जग त्याला अन्याय म्हणते. आमच्याकडे मुलीची शाळा सुटते त्या दिवसाची नोंद कोणी ठेवत नाही, कारण ती सुटली असे त्या दिवशी कोणालाच, खुद्द तिलाही, वाटलेले नसते.

दिवाळी सरली की वावरात कापूस फुटतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून घरातले जितके हात पऱ्हाटीत उतरतील तितका पैसा घरात येतो. मुलगी आधी शनिवारी जाते, मग आठवड्यातून आणखी एखादा दिवस, मग धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी नाही म्हणून सलग आठवडाभर. परत येते तेव्हा बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी तिच्या नखांच्या कडा सोलून निघालेल्या असतात आणि पेन धरताना ती एक बोट दुमडून घेते. त्याच दिवसांत तिचा भाऊ वर्गात बसलेला असतो. बापाला विचारले तर तो काही लपवत नाही. "घरात कोणाची तरी शाळा बुडवाच लागते मॅडम, अन् पोराले पुढं कमवाचं हाय," असे तो सरळ सांगतो. त्या बापाला मी दुष्ट म्हणणार नाही, कारण बोंडअळीने, कापसाच्या पडत्या भावाने आणि कर्जाने त्याला कसे पिळून काढले आहे ते मी जवळून पाहिले आहे. पण पिळवटलेल्या घरात पहिला चिमटा कोणाच्या वाट्याला येतो, हे ठरलेले असते. ते कोणी, कधी ठरवले, याचा शोध मला सरकारी अहवालांपेक्षा आत्मकथनांत अधिक लागला.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. वीरगाव-फलटण परिसरातल्या महारवाड्यातले जिणे त्यात आहे. आठ-नऊ वर्षांची मुलगी लग्न होऊन सासरी येते, पहाटे जात्यावर बसते, नंतर चुलीपुढे बसून टोपलेभर भाकरी थापते, आणि भाकरी बिघडली तर सासू ती चारचौघींना दाखवत फिरते. मार असह्य होऊन पोर माहेरी पळाली तर तिला परत आणून पायात लाकडाचा खोडा अडकवला जातो. बेबीताईंची लेखणी इथे कोणाचीही गय करत नाही. बाहेर गावाने ज्या समाजाला माणूस मानले नाही, त्याच समाजातली माणसे घरात आल्यावर आपल्याहून दुबळ्या पोरीवर कशी तुटून पडतात, हे त्या लिहितात, आणि त्या सासूलाही कोणे एके काळी असाच खोडा पडला होता हेही विसरत नाहीत. एकाच पानावर गावकीचा आणि घराचा असा दुहेरी हिशेब मांडणारे लेखन मराठीत फार थोडे आहे.

आमच्या गावातल्या छोट्या सार्वजनिक वाचनालयात मी निवृत्तीनंतर संध्याकाळी बसते. नववीतल्या काही मुलींना मी हा भाकरीचा आणि खोड्याचा भाग वाचून दाखवला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकीने विचारले, "मॅडम, ह्या बाईनं हे सारं लिवलं तवा तिच्या नवऱ्यानं तिले मारलं नाही काय?" साहित्यसंमेलनाच्या परिसंवादात हा प्रश्न मी कधी ऐकलेला नाही. त्याचे उत्तर असे की बेबीताईंनी आपले लेखन नवऱ्यापासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. त्यांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते, सामान बांधायला आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रे त्या वाचत आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत. दुसरी गोष्ट त्याहून जड आहे. स्वतःच्या संसारात सोसलेला मार त्यांनी पुस्तकात घेतलाच नाही, त्याविषयी त्या पुढे एका मुलाखतीत बोलल्या. म्हणजे इतके निर्भयपणे लिहिणाऱ्या बाईलाही स्वतःपुरते एक दार बंद ठेवावे लागले. हे सांगितल्यावर ती मुलगी नुसतीच मान हलवून राहिली. तिच्या घरी काय चालते ते मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे हे तिलाही कळले असावे.

विदर्भातल्या वाचकांना तर परक्या मुलखात जायचीही गरज नाही. कुमुद पावडे नागपूरच्या. 'अंतःस्फोट' हे त्यांचे पुस्तक १९८१ चे. महार कुटुंबात जन्मलेल्या या मुलीने संस्कृत शिकायचा ध्यास घेतला, तिला मनापासून शिकवणारे गुरुजी भेटले, आणि ती संस्कृतची एम. ए. झाली. तिच्या जातीतल्या लोकांना ते नवल वाटले आणि वरच्या जातींना खुपले. पदवी हातात असूनही नोकरीसाठी उंबरठे झिजवावे लागले. पुढे आंतरजातीय विवाह झाला, आडनाव सोमकुंवरचे पावडे झाले आणि त्यानंतर काही काळातच शासकीय महाविद्यालयाचे दार उघडले. ज्ञान तेच होते, बाई तीच होती, फक्त आडनाव बदलले होते, हे कुमुदताईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे अमरावतीच्या शासकीय महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकवले. २०२३ मध्ये त्या गेल्या तेव्हा आपल्या भागातल्या किती शाळांत त्यांच्याविषयी दोन शब्द बोलले गेले असतील? आमच्या पंचक्रोशीत तरी ते झाले नाही. अमरावतीला शिकायला जाण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुली इथे आहेत, आणि त्याच गावात अशी एक बाई शिकवून गेली हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, याची मला खरोखर चीड येते.

पांढरपेशा घरांतही मुलगीपण सुखाचे नव्हते. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. नवरा शिकवतो म्हणून घरातल्या बायकांनी त्यांना कसे टोचून खाल्ले ते त्यात आहे. पार्वतीबाई आठवले यांच्या 'माझी कहाणी'त तरुण वयात आलेले वैधव्य आहे. ही पुस्तके मी मुलींना आवर्जून देते. पण 'सगळ्याच बायकांचे दुःख सारखे' असे म्हणून सगळ्यांची एकत्र मोट बांधणाऱ्यांशी मी सहमत नाही. रमाबाईंना शिकण्यापायी टोमणे खावे लागले तरी त्यांच्या घरात पाणी होते. 'आयदान'मध्ये उर्मिला पवार यांनी कोकणातल्या आपल्या शाळेबद्दल लिहिले आहे, तिथे गुरुजी मुलीला शेण काढायला सांगतात आणि तिने नाही म्हटले म्हणून मारतात. हे दुःख मुलगी म्हणून जितके आहे तितकेच जातीचेही आहे. बांबूच्या टोपल्या विणून घर चालवणारी तिची आई त्या गुरुजींना भर रस्त्यात जाब विचारते, तो प्रसंग मी बैठकीला आलेल्या आयांना मुद्दाम वाचून दाखवते. घरचे एकच माणूस मुलीच्या बाजूने उभे राहिले तर काय होऊ शकते, हे त्यांना माझ्या भाषणापेक्षा त्या पानावरून लवकर कळते.

यातली मराठी पुस्तके बायकांनी मोठेपणी लिहिली. शाळकरी वयातच लिहू शकलेली आपल्याकडची मुलगी म्हणून मुक्ता साळवेचे नाव घ्यावे लागते. फुले दांपत्याच्या शाळेतल्या या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापला गेला. त्या वयात एखाद्या मुलीला लिहिता यावे यासाठी शाळा, पाठीशी उभे राहणारे गुरू आणि छापणारे नियतकालिक हे तिन्ही एकाच वेळी लागले. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिले, सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेल्या शिक्षेने पेटून उठून पुरुषांच्या दुटप्पीपणाचे वाभाडे काढले, आणि त्यानंतर त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही. जोतीराव त्यांच्या बाजूने बोलले खरे, पण ते पुस्तक पुन्हा छापून वाचकांसमोर यायला १९७५ साल उजाडले. स्वतःच्या लहानपणाविषयी ताराबाईंनी पुस्तक लिहिले असते तर वऱ्हाडातली एकोणिसाव्या शतकातली मुलगी आज आपल्याला दिसली असती. लिहिणारीला गप्प केले की एका माणसाबरोबर एक अख्खा मुलूख मुका होतो.

आता कोणी म्हणेल की हे सारे जुने झाले, आता मुली पोलीस भरतीत पळतात, डॉक्टर होतात, सायकलवर शाळेत जातात. जातात, आणि त्याचा आनंद मला कोणापेक्षाही जास्त आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी सांगते की महाराष्ट्रात २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झालेले होते. मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत हे प्रमाण याहून बरेच जास्त आहे, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून आपण विदर्भातले लोक निश्चिंत राहतो. बालविवाह झाला नाही म्हणजे मुलगी मोकळी वाढली, असा अर्थ कोणी काढू नये. सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावी असते. मानव विकास योजनेची निळी बस मुलींना फुकट नेते, ही शासनाने केलेली मोठी सोय आहे. पण ज्या दिवशी फाट्यावर टवाळ पोरे मुलींना अडवतात त्या दिवशी पोरांच्या घरी कोणी जात नाही, मुलीची शाळा तेवढी बंद होते. गडचिरोलीच्या माडिया गावांत पाळी आलेल्या मुलीला अजून कुर्माघरात, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायकांना वेगळे ठेवायच्या झोपडीत, बसावे लागते. बापाने कर्जापायी जीव दिलेल्या घरात थोरल्या मुलीचे लग्न 'एक जबाबदारी तरी कमी' म्हणून वर्षाच्या आत उरकले जाते, आणि त्या घराला मिळालेल्या मदतीच्या कागदांत तिच्या शिक्षणाचा उल्लेख कुठेच नसतो.

अशी पुस्तके मुलींना द्यायला विरोध होतो, तो मी अनुभवला आहे. एका पालकाने मला तोंडावर सांगितले की असले वाचून पोरी डोक्यावर बसतात. एका सहकारी शिक्षकाचे म्हणणे होते की जातीचे जुने उकरून वर्गात तेढ कशाला वाढवायची. पहिल्याला मी एवढेच म्हणाले की तुमच्या मुलीला जे सोसावे लागते ते तिला पुस्तकाआधीच ठाऊक आहे, पुस्तकाने तिला फक्त एवढे कळते की हे आपल्या एकटीच्या नशिबाचे नाही. दुसऱ्या आक्षेपाची मला जास्त काळजी वाटते, कारण तो सभ्य भाषेत येतो. ज्या वर्गात अर्ध्या मुलांच्या आज्यांनी हे भोगले आहे, तिथे ते न बोलण्याने तेढ नाहीशी होत नाही, फक्त भोगलेल्यांच्या मुली खाली मान घालून बसतात. शिवाय ही पुस्तके मुलांनीही वाचली पाहिजेत. ज्याच्यासाठी बहिणीची शाळा बुडते त्या भावाला ते कोणीतरी सांगायलाच हवे.

तेव्हा माझे म्हणणे असे आहे की ही आत्मकथने मुलींच्या हाती त्या मुली असतानाच पडली पाहिजेत. आज ती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आहेत, म्हणजे जी मुलगी एम. ए. पर्यंत पोचली तिलाच ती भेटतात, आणि जिची शाळा आठवीत सुटली तिला त्यांची सर्वांत जास्त गरज असते. पाठ्यपुस्तकातला एखादा उतारा पुरत नाही, कारण उताऱ्यात बहुधा जिद्द तेवढी ठेवली जाते आणि खोडा गाळला जातो. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि त्याखाली खेड्यापाड्यांत 'ड' वर्गाची ग्रंथालये अनुदानावर चालतात. ते अनुदान तोकडे आहे आणि पुस्तकखरेदीच्या याद्यांत कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिका यांचीच भरती असते. दरवर्षीच्या खरेदीत स्त्रियांची, विशेषतः दलित, आदिवासी आणि भटक्या समाजातल्या स्त्रियांची, आत्मकथने घेणे ग्रंथालयांना सक्तीचे करावे. वेचणीच्या दिवसांत ग्रंथालय दिवस मावळल्यावर उघडे राहावे आणि तिथे एखादी जाणती बाई बसलेली असावी.

ती बाई असणे फार गरजेचे आहे. असे पुस्तक वाचल्यावर एखादी मुलगी स्वतःचे काही सांगू लागते, आणि तेव्हा ऐकणाऱ्याला पुढे काय करायचे ते ठाऊक नसेल तर तिची दुहेरी फसवणूक होते. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक ग्रंथालयाच्या आणि शाळेच्या भिंतीवर वाचता येईल अशा अक्षरांत असावा. गावात बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकाची (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याची) असते, हे कित्येक गावकऱ्यांनाच नव्हे तर शिक्षकांनाही माहीत नसते, ते ग्रामसभेत सांगितले जावे. आणि मुलीने जे सांगितले ते चावडीवर जाणार नाही, याची हमी तिला आधी मिळावी.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणी आहे. आपल्या जिल्हा आवृत्तीत आठवड्यातून एकदा थोडी जागा शाळकरी मुलींच्या लेखनासाठी द्यावी. निबंधस्पर्धा नको, विषय देणे नको, बक्षीस नको. त्यांनी स्वतःच्या बोलीत, वऱ्हाडीत, झाडीबोलीत, गोंडीत, कोलामीत लिहिलेले तसेच छापावे, गरज पडेल तिथे खाली मराठीत अर्थ द्यावा. मुलीचे नाव, गाव आणि शाळा छापू नये, छायाचित्र तर मुळीच नको. लेखन शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत न मागवता थेट कार्यालयाच्या पत्त्यावर मागवावे, कारण मध्ये कोणी वाचणारा आहे हे कळले की मुली लिहीत नाहीत. आमच्या वाचनालयात बसून लिहायला जागा आहे, दिवा आहे आणि टपालाचा खर्च करायची माझी तयारी आहे. आपण होकार कळवलात तर पहिली पाकिटे तूर निघायच्या आत आपल्या कार्यालयात येतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ